तुतीखालचा दगड

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
ताईचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पाच ओळींचं पत्र मिळालं. त्यातल्या दोन ओळी हवेच्या आणि एक माझ्या गुडघ्यांची. एवढ्याशा मजकुराला पत्र म्हणायचं असेल तर मी पाकिटावर नुसता पत्ता लिहून पाठवत जाईन, तेवढाच शाईचा खर्च कमी. आणि कृपा करून फोन करू नकोस. उजवा कान केव्हाच गेला होता, आता डाव्यानेही गाशा गुंडाळायला घेतलाय. फोनवर तू मला बादलीत तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येतेस. मग मी उगाच ‘हो हो’ म्हणते आणि ठेवल्यावर विचार करत बसते की आपण नक्की कशाला हो म्हटलं. कागदावर तू अगदी स्वच्छ ऐकू येतेस.

आता मुद्द्याचं. बसून वाच. बाबांच्या जागेचे प्लॉट पाडावेत असं माझ्या मनाने घेतलं आहे. घाबरू नकोस, अजून एक खुंटीसुद्धा ठोकलेली नाही. जागा दोघींच्या नावावर आहे, तुझ्याशिवाय मी काही करणार नाही आणि करताही येणार नाही.

का, म्हणून विचारशील. दोन एकर जागा आणि त्यात मी एकटी. मला लागतं काय, तर शिवणाची खोली, स्वयंपाकघर आणि फाटकापर्यंतची पायवाट. उरलेल्या जागेत गवत माझ्या कमरेला लागतं. गिऱ्हाइकंही आता आठवड्याला दोन-तीन, तीही कुणाची चेन बदलायची नाही तर कुणाचं अस्तर सुटलेलं. संध्याकाळी मशीनवरचा दिवा लावते आणि खिडकीबाहेर बघते तर सगळ्या पसाऱ्यात तेवढा एकच दिवा. चिंगे, मला शेजार हवाय. सहा घरं व्हावीत, कुणी दोरीवर कपडे वाळत घालावेत, नवराबायकोने अंगणात भांडावं. मला ऐकू येणार नाही हे खरं, पण खिडकीतल्या दिव्याला कुठे आवाज असतो?

माझी एक गिऱ्हाईक नगररचनेच्या कचेरीत कामाला आहे. तिचं माप घेता घेता विषय निघाला. ती म्हणाली, की लोक नकाशे रंगवून, प्लॉट तोंडी विकून मगच त्यांच्या दारात येतात आणि मग रडतात. शहाण्याने आधी रिकाम्या हाताने यावं आणि नुसते प्रश्न विचारावेत. आधी कागदपत्रं, मग हद्द, मग रस्ता, आणि प्लॉट सगळ्यात शेवटी. मला ते एकदम पटलं, कारण आपल्या धंद्याची रीत तीच. कापड कितीही चांगलं असो, आधी एक उभा धागा ओढून ते सरळ करून घ्यावं लागतं. तिरक्या कापडावर कात्री चालवली की सदरा पहिल्याच धुण्यात अंगाभोवती फिरतो.

तेव्हा मोजणीवाल्याला सांगून ठेवलंय. तो २९ मार्चला येणार. दोन्ही मालकांनी हजर राहून हद्दीच्या नकाशावर सह्या करायच्या असतात. म्हणजे तुला यायला हवं. बाबा गेले तेव्हा दोन दिवस येऊन गेलीस, त्याला अकरा वर्षं झाली. तुझी खोली मी झाडून ठेवते.

मायेला काही कमी नाही, ओळींना आहे, तेवढं बघ.

तुझी
ताई

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे घे लांबलचक पत्र. मालकांनी बघितलं तर म्हणतील की बाईंचा हात चष्म्याच्या काचेपेक्षा कागदावरच जास्त चालतो.

प्लॉटची कल्पना चांगली आहे. माझी ना नाही. दोन एकर गवत सांभाळण्यात काय राम आहे! पण ताई, मोजणीची भानगड कशाला? बाबांच्या खरेदीखतात सगळी मापं आहेत, पूर्वेला तारेचं कुंपण आहे, पश्चिमेला भिंत. इतकी वर्षं सगळं आपापल्या जागी सुखाने बसलंय. मोजणीवाले म्हणजे काय, दोन दिवस साखळ्या ओढतात आणि आपल्याला ठाऊक असलेलंच आपल्याला सांगतात. जुने दगड उकरून काय मिळणार? त्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या माणसाकडून नकाशा काढून घे, खरेदीखत जोड, झालं.

शिवाय मार्चअखेर आमच्याकडे फार गर्दी. शाळांच्या परीक्षा संपल्या की आया पोरांना चष्मे बदलायला घेऊन येतात. काचा घासणारे आम्ही दोघंच, त्यातल्या एकाची पाठ धरलेली. मी कशी निघू?

माझं बरं चाललंय. दुकानावरची खोली आहे तशीच आहे, एक माणूस उभं राहिलं की भरते. हे गेल्यापासून दुसरं माणूस उभं राहायचा प्रश्न आला नाही, त्यामुळे पुरते. परवा एक आजोबा नवा चष्मा घालून आरशात बघून म्हणाले, की हा म्हातारा कोण? मी दिवसभर हसत होते. तुला सांगायला म्हणून लक्षात ठेवलं.

मोजणीचं मनातून काढ. तेवढं माझं ऐक, मग मी तुझं सगळं ऐकते.

तुझीच
चिंगी

ता. २२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
ताईचे अ. उ. आ.

वि. वि. आजोबांवर मीही हसले, एकटीच, मशीनसमोर बसून. मोजणीबद्दलचं तुझं म्हणणं मात्र मी त्या बादलीतल्या आवाजासारखं सोडून दिलं.

मंगळवारी कचेरीत गेले होते. गिऱ्हाईक-बाईंनी माझ्यासाठी वहीत मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून ठेवले होते, म्हणजे मला ऐकू यायचा प्रश्नच नको. पाणी कुठून घेणार? सांडपाणी कुठे जाणार? उतार कोणत्या बाजूला? कोणती झाडं ठेवणार? पहिल्या तीनला मी कशीबशी उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं की मागच्या प्लॉटपर्यंत माणसं जाणार कशी. मी म्हटलं, चालत. तर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून बघायला आले. तीस फूट रुंदीचा रस्ता लागतो म्हणे. तो बसला नाही तर मागच्या जागेत एकही प्लॉट पाडता येत नाही. सगळा डाव त्या तीस फुटांवर आहे.

घराच्या पश्चिमेला भिंतीपर्यंत जेमतेम दहा फूट. राहिली पूर्व. घरी येऊन मी शिवणाची टेप घेतली आणि घराच्या कोपऱ्यापासून तारेपर्यंत मोजलं. तुतीच्या झाडाशी, जिथे हद्दीचा दगड आहे तिथे, तेहतीस फूट भरलं. म्हणजे रस्ता बसतो आणि वर तीन फूट उरतात. तुतीही वाचते. मी टेप खांद्यावर टाकून तिथेच उभी राहिले आणि खूप बरं वाटलं, काय सांगू!

मग वर्तमानपत्रं चिकटवून जागेचा आकार कापला. रस्ता, घर, सहा प्लॉट. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. आता जागेवर कच्चे टाके घातलेत. काठ्या रोवून त्यांना चिंध्या बांधल्या आहेत, रस्त्याला निळ्या, प्लॉटना लाल. रोज संध्याकाळी त्या निळ्या चिंध्यांमधून मागपर्यंत चालत जाते आणि परत येते. एका प्लॉटला मात्र हिरव्या चिंध्या आहेत, विहिरीजवळच्या. तो विकायचा नाही. कुणासाठी ठेवलाय ते तू विचारणार नाहीस आणि मीही सांगणार नाही.

शेजारी औषधवाली राहायला आलीय ते तुला कळवलं होतं का? शेजारच्या काकांचा मुलगा, तो पुस्तकवाला, त्याची मुलगी. तो सहा वर्षांपूर्वी गेला. तिने आजोबांच्या घराला रंग दिला, पुढच्या खोलीत औषधाचं दुकान काढलं. कपाळ अगदी त्याचं आहे. मला कानाचे थेंब देते आणि ते घालायचे कसे हे हातवारे करून दाखवते. मी कुंपणापलीकडे पाऊल टाकलेलं नाही आणि ती अलीकडे आलेली नाही. दोघी तारेवरून देवघेव करतो.

हद्द पूर्वेची आहे, चिंगे. ती सरळ करूनच मला कापायचं आहे. तू ये.

आठवण काढतेच, पुरावा म्हणून झाडलेली खोली आहे.

तुझी
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घाईत लिहिते आहे.

रस्ता पूर्वेला नको घेऊस. घराची मागची पडवी पाडली तर पश्चिमेला जागा होणार नाही का? किंवा प्लॉटचा विचारच राहू दे. तुला सोबत हवी असेल तर एखादी भाडेकरू ठेव. इतक्या वर्षांचं जुनं भांडण कुठे उकरत बसतेस! त्या मुलीशी चार गोड शब्द बोलायला लागली आहेस, त्यात मोजणी घुसली की पुन्हा तोंडं फिरतील, आणि तूच एकटी पडशील.

तरी करायचीच असेल तर सोबत मुखत्यारपत्र पाठवते आहे. वकिलाकडून करून घेतलं आहे. माझ्या वतीने तू सही कर. माझं येणं होणार नाही.

रागावू नकोस.

चिंगी

ता. ८ मार्च

चि. चिंगीस,
आ.

मुखत्यारपत्र मिळालं. मोजणीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, चालेल. त्याला चालेल. मला चालणार नाही.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलं आहे का, आठवून बघ. लग्न करून गेलीस तेव्हा दर उन्हाळ्यात येईन म्हणालीस. तीन उन्हाळे आलीस, तेही परतीचं तिकीट काढूनच. आई आजारी असताना मी लिहिलं, तू पैसे पाठवलेस. बाबा गेले तेव्हा आलीस, दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाहीस आणि पूर्वेच्या खिडकीकडे पाठ करून बसलीस. तुझा नवरा गेला तेव्हा मी येऊन राहते म्हटलं, तर खोली लहान आहे म्हणालीस. मी म्हटलं असेल बाई लहान.

मी एकसष्ट वर्षांची आहे. दिवसाला माझ्या तोंडातून मोजून दहा-बारा वाक्यं जातात आणि त्यातली निम्मी मशीनला उद्देशून असतात. कधी कधी मला वाटतं, ऐकावं असं कुणी नाही म्हणूनच कान गेले. हे मी कुणाला सांगू? तुलाच सांगू शकते, आणि तू मला वकिलाचा कागद पाठवतेस.

सही मी करणार नाही. तू आली नाहीस तर २९ तारखेला मोजणीवाल्याला चहा पाजून परत पाठवीन. चिंध्या काढून टाकीन. गवत आहेच.

ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आज कामावर गेले नाही. आता जे लिहिते आहे ते वाचून तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

तो दगड तुतीखाली नव्हता. तो घराकडे बारा फूट अलीकडे होता. मी तो हलवला.

मी अकरा वर्षांची होते. तू रोज दुपारी त्या दगडावर बसून पुस्तक वाचायचीस. कुंपण तेव्हा नव्हतंच. पलीकडून पुस्तकवाला यायचा, आधीचं पुस्तक घ्यायचा, नवं द्यायचा, आणि तुम्ही दोघं इतकं हळू बोलायचात की मला कितीही जवळ आलं तरी ऐकू यायचं नाही. पण दगडावर ऊन यायचं. अर्ध्या तासात तू लाल होऊन आत यायचीस. तो तुला तुतीच्या सावलीत बस म्हणायचा आणि तू म्हणायचीस, ती तुमची बाजू आहे, बाबांना आवडणार नाही. माझ्या डोक्यात आलं की दगडच सावलीत गेला तर ती आपली बाजू होईल. एवढंच, ताई. मला वाटलं बाजू दगडाबरोबर जाते.

एका दुपारी सगळे निजलेले होते. मी पहारीने दगड उकरला, पोत्यावर लोटला आणि ओढत नेला. दोन तास लागले. हात सोलले. मी तुला दाखवायला उत्सुक होते, तू किती खूश होशील!

पुढचं तुला माहीत आहे. शेजारचे काका दुसऱ्या संध्याकाळी बाबांना चोर म्हणाले. बाबांनी आयुष्यात कुणाची काडी उचलली नव्हती. ते दगडाकडे बोट दाखवून ओरडत राहिले की हा इथेच होता. बाबांनी कुंपणाला तार आणली. काकांनी पुस्तकवाल्याला महिन्याभरात शहरात नोकरीला पाठवलं. तू पुन्हा कधी त्या बाजूला बसली नाहीस. मी तापाने पडले होते. तू माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस आणि मी डोळे मिटून घेतले होते, कारण उघडले असते तर सांगून टाकलं असतं.

बाबा त्या शेजारच्या माणसाला खोटा समजत गेले. तो माणूस बाबांना चोर समजत गेला. तू एकटी राहिलीस. आणि मी लग्न करून पळाले. मला त्या घरात श्वास घेता येत नाही. तू मला वाढतेस, माझी खोली झाडून ठेवतेस, आणि मला वाटतं, हिला कळलं तर?

तुझा रस्ता त्या बारा फुटांवर बसलाय. मोजलं की तो एकवीस फुटांचा होईल. म्हणून मी नको म्हणत होते, आणि माझ्या भित्रेपणामुळेही म्हणत होते. दोन्ही खरं आहे.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

चिंगी

ता. १७ मार्च

चि. चिंगे,
पोटभर आशीर्वाद. आधी जेव, मग वाच.

मला ठाऊक होतं.

त्या दुपारी मी निजले नव्हते. शिवणाच्या खोलीत आईच्या साडीला फॉल लावत होते. खिडकीतून बघितलं तर तू पोत्याला कमरेने ओढ देऊन मागे मागे चालली होतीस, तोंड लाल, वेण्या सुटलेल्या. काय खेळ मांडलाय म्हणून मी हसले आणि पुन्हा सुईकडे वळले. तो दगड कुठला हे दुसऱ्या संध्याकाळी आरडाओरडा झाल्यावर डोक्यात आलं. मी अंधार पडायच्या आत जाऊन ओढल्याच्या खुणा केरसुणीने पुसल्या. जुना खड्डा बुजवला. म्हणजे बघ, चोरी तू केलीस, पण पुरावा मी मिटवला.

का? बाबा वेत घेऊन अंगणात फिरत होते, माझ्या घरातलं कुणी असलं करणार नाही, आणि केलं असेल तर ते माझ्या घरातलं नाही म्हणत होते. तुला ताप चढलेला. मी ठरवलं, ताप उतरला की सांगीन. उतरल्यावर ठरवलं, बाबा निवळले की सांगीन. मग तार आली. मग तो गेला. प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं, आणि एक दिवस मी बाबांना नव्हे, स्वतःलाच घाबरायला लागले. तेव्हा सगळं पाप एकट्या तुझ्या पदरात नको घेऊस. थोडं माझ्याकडे राहू दे, मला सवय आहे.

तो गेला त्याचं मला वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते दोन-तीन वर्षांत बोथट झालं. चिंगे, जिच्यासाठी मी गप्प बसले तीच निघून गेली, ते मात्र आजपर्यंत बोथट झालं नाही. मला कायम वाटत राहिलं की तुला मीच नकोशी झाले. काय चुकलं ते शोधत मी तीस वर्षं काढली. तू माझ्या तोंडाकडे बघत नव्हतीस ते लाजेने, हे तुझं पत्र येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं.

रस्ता एकवीस फुटांचा होईल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेहतीस भरले तेव्हा बरं वाटलं म्हणून लिहिलं, ते तेवढ्यापुरतं खरंच वाटलं होतं. पण मोजणी मी त्यासाठीच मांडली. हा एक धागा तिरका ठेवून मला त्या जागेवर कुणाचंही घर उभं करायचं नाही. आणि तो मी एकटीने ओढायचा नाही.

२९ तारखेला ये. पहार मी काढून ठेवते, पोतं शोधते.

ताई

ता. २ एप्रिल

चि. चिंगीस,
ताईचे अ. उ. आ.

वि. वि. तू पोचलीस का, गाडीत बसायला जागा मिळाली का, कळव. तू दोन दिवस इथे होतीस आणि आता घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतंय. हे सांगणार नव्हते, पण आता काही लपवायचं नाही असं ठरलंय ना.

मला अजून ते डोळ्यांपुढून हलत नाही. मोजणीवाल्याने घराच्या कोपऱ्यापासून एकवीस फुटांवर खुंटी ठोकली तेव्हा तू त्याच्याकडे अशी बघत होतीस जशी शाळेत निकालाच्या दिवशी बघायचीस. मग पहार घेतलीस. बेचाळीस वर्षांपूर्वी तू तो दगड एकटीने नेलास, आणि परवा आपण दोघी मिळून तीनदा बसलो! मला वाटतं तो मधल्या काळात जाडा झाला असणार.

औषधवाली दुकान बंद करून तारेपाशी उभी होती. तू तिच्यासमोर जाऊन सगळं सांगितलंस. मला शब्द कळले नाहीत, पण तुझे ओठ कुठे थांबले आणि पुन्हा कुठे सुरू झाले ते बघून मी सगळं वाचलं. मग ती जे बोलली ते तू मला नंतर लिहून दिलंस. ‘आजोबा खरं बोलत होते हे आता कुणाला सांगू, ऐकायला कुणी राहिलं नाही.’ तो कागद मी ठेवलाय. तिने आपल्याला माफ केलं असं मी धरून चालत नाही. पण शेवटच्या सहा फुटांना तिने तारेखालून येऊन पोत्याचं तिसरं टोक धरलं, हेही खरं.

आता ऐक. काल सकाळी थेंबांच्या बाटलीबरोबर तिने चिठ्ठी दिली. तुतीपर्यंतची जागा तिची झाली, पण तिच्याही घरामागे जायला वाट नाही. तेव्हा रस्ता दोघींचा करायचा. एकवीस फूट आपले, नऊ तिचे. अट एकच, तुती तोडायची नाही. मी कचेरीत जाऊन विचारून आले. दोन्ही मालकांनी लिहून दिलं तर चालतं म्हणाल्या, आणि यावेळी हसल्या नाहीत. गंमत अशी की मी टेप घेऊन पुन्हा मोजलं तर निळ्या चिंध्या एक इंचही हलवाव्या लागल्या नाहीत. रस्ता जिथे होता तिथेच आहे. तार तेवढी काढायची.

आणखी एक. शिवणाच्या मशीनच्या खणात तुझी हत्यारांची पेटी राहिली आहे. लहान स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, काच मोजायचा काटा, सगळं. जिच्यावर तुझं पोट चालतं ती पेटी तू अकरा वर्षांपूर्वीच्या धावपळीतही विसरली नव्हतीस. खणात अगदी मागे, माझ्या रिळांच्या पलीकडे, सरळ लावून ठेवलेली होती. विसरली असशील तर उद्याच्या पोस्टाने पाठवते. विसरली नसशील तर तसं कळव. मी तोपर्यंत खणाला हात लावत नाही.

माझं लक्ष पोस्टमनच्या सायकलीकडे आहे, त्याला बिचाऱ्याला ठाऊक नाही.

तुझी
ताई

ता. ८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. जागा मिळाली, खिडकीचीच.

एक गोष्ट तुला तिथे असताना बोलले नाही. मालक जूनअखेर दुकान त्यांच्या पुतण्याकडे देणार आहेत. तो काचा घासायचं यंत्र आणतोय. आमची दोघांची गरज नाही. हे मला जानेवारीपासून माहीत होतं. जाऊ कुठे, हा विचार करत होते आणि तुझं प्लॉटचं पत्र आलं.

हिरव्या चिंध्या काढ आणि त्या प्लॉटलाही लाल बांध. तिथे पोरंबाळं असलेलं कुणीतरी येऊ दे, चष्मे मोडणारं असलं तर उत्तमच. मला वेगळं घर नको. शिवणाच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी एक टेबल मावेल, मी पावलांनी मोजून आले आहे. मी आडून बोलत नाही आता, तुला सरळ विचारते, मी येऊ का?

पेटी पाठवू नकोस.

तुझीच
चिंगी